शेवटच्या सेकंदाला थांबलेलं रॉकेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्रोचं एखादं प्रक्षेपण ऐन वेळी थांबलं की मुंबईतल्या शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि लोकलमधल्या गप्पांत तेच ते प्रश्न फिरत राहतात. काही प्रश्न विज्ञान शिक्षकांचे असतात, काही श्रीहरिकोट्याला जाऊन हात हलवत परत आलेल्यांचे. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

इंजिनं पेटली, धूर निघाला आणि रॉकेट जागेवरच राहिलं. म्हणजे मोहीम फसली का?

नाही. इस्रोच्या जीएसएलव्ही या रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणाच्या वेळी, २८ मार्च २००१ ला, श्रीहरिकोट्यात हेच झालं. मधल्या मोटरभोवतीचे चार द्रव इंधनाचे स्ट्रॅप-ऑन, म्हणजे बाजूला जोडलेले बूस्टर, पेटवले गेले, पण त्यांतल्या एकाने पुरेसा जोर धरला नाही. उड्डाणाला जेमतेम एक सेकंद उरला असताना संगणकाने चारही बंद केले. बघणाऱ्यांना आधी आगीचे लोळ दिसले आणि मग सामसूम. दुरुस्ती होऊन ते रॉकेट १८ एप्रिलला, म्हणजे बरोबर तीन आठवड्यांनी, उडालं. फसलेल्या मोहिमेत रॉकेट आणि उपग्रह दोन्ही समुद्रात जातात. इथे रॉकेट, उपग्रह आणि लाँचपॅड तिन्ही हाताशी राहिले.

होल्ड, स्क्रब आणि अबॉर्ट हे तिन्ही शब्द कानावर पडतात. एकच ना?

होल्ड म्हणजे काउंटडाउनचं घड्याळ थांबवणं. अडचण सुटली की ते पुन्हा चालू होतं. स्क्रब म्हणजे त्या दिवसापुरतं प्रक्षेपण रद्द. अबॉर्ट म्हणजे शेवटच्या स्वयंचलित टप्प्यात, कधी कधी इंजिन पेटल्यावरही, यंत्रणेने सगळं तोडून थांबणं. माणसं नेणाऱ्या यानांच्या बाबतीत अबॉर्टला आणखी एक अर्थ आहे: बिघडलेल्या रॉकेटपासून यान ओढून काढून आतल्यांची सुटका करणं. गगनयानच्या टीव्ही-डी१ चाचणीत, २१ ऑक्टोबर २०२३ ला, दोन्ही प्रकार एकाच सकाळी पाहायला मिळाले. आधी रॉकेट पाच सेकंद उरले असताना थांबलं, आणि नंतर उडाल्यावर ठरल्याप्रमाणे सुटकेची तालीम पार पडली.

पेटलेलं इंजिन थांबवता कसं येतं?

ते इंजिन कुठल्या इंधनावर चालतं यावर सगळं अवलंबून आहे. हा एक मुद्दा नीट समजला तर या पानावरचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

द्रव इंधनाच्या इंजिनात इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारं द्रव्य) वेगवेगळ्या टाक्यांत असतात. झडपा बंद केल्या की पुरवठा तुटतो आणि ज्वलन थांबतं. घन इंधनाच्या मोटरमध्ये इंधन, ऑक्सिडायझर आणि त्यांना धरून ठेवणारं रबरासारखं बंधक द्रव्य एकत्र कालवून कवचात ओतलेलं असतं. बंद करायला झडपच नसते. दिवाळीतल्या बाणासारखं काम आहे, वात आत पोचली की पुढचं आपल्या हातात नाही.

आता आपली रॉकेटं बघा. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा आहे, सुमारे १३९ टनांचा. तो पेटला की रॉकेट निघालंच. एसएसएलव्हीचे तर पहिले तिन्ही टप्पे घन इंधनाचे. एलव्हीएम३ म्हणजे चांद्रयान-३ नेणारं रॉकेट. त्याच्या दोन्ही बाजूंच्या एस२०० मोटरींत प्रत्येकी २०० टनांहून जास्त घन इंधन असतं आणि जमिनीवर फक्त त्याच पेटतात. मधला एल११० हा द्रव टप्पा उड्डाणानंतर सुमारे पावणेदोन मिनिटांनी, हवेतच सुरू होतो. म्हणजे या तिन्ही रॉकेटांना थांबवायचं असेल तर पहिली ठिणगी पडण्याआधीच थांबवावं लागतं.

जीएसएलव्ही मात्र वेगळं आहे. त्याचे चार द्रव स्ट्रॅप-ऑन शून्य क्षणाच्या सुमारे पावणेपाच सेकंद आधी पेटतात. चौघांचा जोर पुरेसा आहे असं दिसलं तरच मधली घन मोटर पेटवण्याची आज्ञा जाते. २००१ मध्ये ती आज्ञा गेली नाही, म्हणून रॉकेट वाचलं.

पण आधी पाच-सात सेकंद इंजिन नुसतं चालवून इंधन वाया घालवायचं कशाला?

द्रव इंजिन सुरू होण्याचा काळ हाच त्याच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ असतो. टर्बोपंपाला शून्यापासून मिनिटाला हजारो फेऱ्यांपर्यंत जायचं असतं, झडपा ठरलेल्या क्रमाने उघडायच्या असतात, आणि ज्वलनकक्षातला दाब धक्के न खाता चढायचा असतो. जे बिघडायचं ते बहुतेक वेळा इथेच बिघडतं. तेव्हा हा भाग जमिनीवर असतानाच उरकून घेतलेला बरा.

अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये तिन्ही मुख्य इंजिनं ६.६ सेकंद आधी पेटत आणि घन बूस्टर शून्यावर. मधल्या वेळात प्रत्येक इंजिनाने ९० टक्के जोर गाठला नाही तर संगणक सगळी बंद करत असे. शटलच्या इतिहासात असं पाच वेळा झालं: १९८४, १९८५, १९९३ मध्ये दोनदा आणि १९९४. शेवटचा प्रसंग १८ ऑगस्ट १९९४ चा. तेव्हा घड्याळात १.९ सेकंद उरले होते. युरोपच्या एरियान-५ मध्ये मुख्य इंजिन बूस्टरच्या सुमारे सात सेकंद आधी पेटायचं. ५ सप्टेंबर २०१७ ला ते पेटून बंद झालं आणि बूस्टर पेटलेच नाहीत. रॉकेट २९ सप्टेंबरला गेलं.

थांबवायचा निर्णय कोण घेतं? कुणी लाल बटण दाबतं का?

शेवटच्या मिनिटांत माणूस पुरा पडत नाही. तोपर्यंत मिशन डायरेक्टरने परवानगी दिलेली असते आणि ताबा स्वयंचलित प्रक्षेपण क्रमाकडे, म्हणजे एएलएसकडे गेलेला असतो. टाक्यांतले दाब, झडपांची स्थिती, बॅटरीचं व्होल्टेज, दिशादर्शक यंत्रणेची तयारी, जमिनीवरच्या जोडण्या अशा शेकडो गोष्टींची मोजमापं आधी ठरवलेल्या मर्यादांशी ताडून पाहिली जातात. एकही मर्यादेबाहेर गेली की क्रम तुटतो. हाताने थांबवण्याची सोय असतेच, पण शेवटच्या पाच सेकंदांत एखाद्याने पडद्यावरचा आकडा वाचून, समजून घेऊन ओरडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

मर्यादा किती घट्ट ठेवायच्या हीच यातली खरी डोकेदुखी. सैल ठेवल्या तर सदोष रॉकेट सुटेल, फार घट्ट ठेवल्या तर निरोगी रॉकेटही दर वेळी अडेल. नव्या रॉकेटच्या पहिल्या एक-दोन प्रयत्नांत अबॉर्ट जास्त दिसतात, कारण मर्यादा तेव्हा हिशोबाने आखलेल्या असतात, अनुभवाने नाही.

नेमकं बिघडतं काय?

फार मोठं काही बिघडलं असेल असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा एखादी झडप, एखादा प्लग किंवा एखादा सेन्सर निघतो.

झडपेचं उदाहरण अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचं. १९ मे २०१२ ला ड्रॅगन यान घेऊन ते निघणार होतं. नऊही इंजिनं पेटली होती, अर्धा सेकंद उरला होता, आणि मधल्या, पाचव्या क्रमांकाच्या इंजिनात दाब मर्यादेपेक्षा जास्त दिसला. दोष एका चेक व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह सोडणाऱ्या झडपेत होता. तो बदलला आणि २२ मेला रॉकेट गेलं.

गळती हा दुसरा नेहमीचा पाहुणा. १९ ऑगस्ट २०१३ ला जीएसएलव्ही-डी५ च्या उड्डाणाला ७४ मिनिटं उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून यूएच२५ इंधन गळू लागलं. टाकीच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूला तडा गेला होता. नंतर टाकीची धातूच बदलली, अ‍ॅफनॉर ७०२० ऐवजी एए२२१९ वापरली, आणि ५ जानेवारी २०१४ ला रॉकेट यशस्वी झालं. त्या वेळी इस्रोने कारण खोलात जाऊन सांगितलं होतं. चांद्रयान-२ च्या पहिल्या प्रयत्नानंतर मात्र अधिकृत निवेदनात ‘तांत्रिक अडचण’ एवढंच होतं. आमच्या मते पहिली पद्धत चांगली. अफवांना जागा उरत नाही.

हायड्रोजनची गळती तर जगभरच्या अभियंत्यांना रडवते. उणे २५३ अंशांचा द्रव, सर्वांत लहान रेणू, आणि थंडीने आकसणारी सील. नासाच्या आर्टेमिस-१ या चांद्रमोहिमेची ३ सप्टेंबर २०२२ ची खेप यातच बुडाली. त्याआधी २९ ऑगस्टला अडवणारा तापमानाचा आकडा मात्र इंजिनाचा नव्हे, सेन्सरचा दोष निघाला. संगणकाला दोन्ही सारखेच दिसतात. त्याच्या लेखी चुकीचा आकडा म्हणजे बिघाड.

वीजपुरवठ्याचेही बरेच प्रसंग आहेत. २१ मार्च २०२४ ला बैकानूरमध्ये तीन अंतराळवीरांना घेऊन निघालेलं सोयुझ सुमारे वीस सेकंद आधी थांबलं, कारण एका विद्युत स्रोताचं व्होल्टेज पडलं होतं. दोनच दिवसांनी ते गेलं. जपानचं एच३ हे १७ फेब्रुवारी २०२३ ला मुख्य इंजिन पेटल्यावर थांबलं. जमिनीवरचा वीजपुरवठा तोडताना झालेल्या विद्युत गडबडीमुळे बूस्टरना पेटण्याची आज्ञाच गेली नाही.

आणि पुष्कळदा रॉकेट धडधाकट असतं, दोष जमिनीवरच्या सामानात असतो. डेल्टा-४ हेवी २९ ऑगस्ट २०२० ला तीन सेकंद आधी अडलं ते पॅडच्या प्रेशर रेग्युलेटरमधल्या फाटलेल्या पडद्यामुळे. बोईंगच्या स्टारलायनरला १ जून २०२४ ला अडवलं ते जमिनीवरच्या संगणकांपैकी एकाच्या वीजपुरवठ्याने.

एकच दोष सापडला की काम संपलं?

तिथेच थांबलं तर घात होऊ शकतो. १२ डिसेंबर १९६५ ला अमेरिकेच्या जेमिनी-६ए या दोन अंतराळवीरांच्या यानाच्या रॉकेटची इंजिनं पेटली आणि जेमतेम सव्वा सेकंदात बंद पडली. रॉकेटच्या बुडाला जोडलेला एक प्लग वेळेआधीच निसटला होता. यानातलं घड्याळ सुरू झालं, म्हणजे कागदोपत्री उड्डाण झालं होतं. नियमाप्रमाणे वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी खुर्चीसकट बाहेर फेकलं जाण्याची कडी ओढायला हवी होती, कारण वर चढून बंद पडलेलं रॉकेट खाली आदळतंच. पण शिरा यांना रॉकेट हलल्याचं अंगाला जाणवलं नव्हतं. त्यांनी कडी ओढली नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. नोंदी तपासताना दिसलं की प्लग निसटण्याच्या आधीच एका इंजिनाचा जोर घसरू लागला होता. उघडून पाहिलं तर गॅस जनरेटरच्या तोंडाशी धुळीपासून जपण्यासाठी लावलेलं प्लास्टिकचं झाकण तसंच राहिलं होतं. नुसता प्लग पक्का करून पुन्हा प्रयत्न केला असता तर? म्हणून अबॉर्टनंतर सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचतात. दोन्ही गोष्टी निस्तरून यान १५ डिसेंबरला गेलं.

रॉकेट थोडंसं उचललं जाऊन परत खाली बसलं, असं कधी झालंय?

झालंय. २१ नोव्हेंबर १९६० ला अमेरिकेचं मर्क्युरी-रेडस्टोन-१ हे रॉकेट सुमारे दहा सेंटिमीटर उचललं गेलं आणि इंजिन बंद पडून पुन्हा आपल्या जागी टेकलं. दोन जोडण्या ज्या क्रमाने सुटायला हव्या होत्या त्याच्या उलट क्रमाने सुटल्या, त्यामुळे विजेला नको ती वाट मिळाली आणि इंजिनाला बंद होण्याची आज्ञा गेली. वरचा सुटकेचा मनोरा मात्र एकटाच आकाशात उडाला आणि पॅराशूट बाहेर येऊन लोंबू लागलं. इंधनाने भरलेलं, कशाशीही न जोडलेलं रॉकेट, आणि वर वाऱ्यावर फडफडणारं कापड! बॅटऱ्या उतरेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत, कुणालाही जवळ जाऊ दिलं नाही.

थांबल्यावर पॅडवर काय करतात?

सर्वांत आधी पेटवण्याचे विद्युत मार्ग तोडतात. घन मोटर पेटवणाऱ्या साखळीत एक सुरक्षा यंत्रणा असते. ती ‘सज्ज’ स्थितीतून ‘सुरक्षित’ स्थितीत परत आली याची खात्री झाल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. इंजिन पेटलं असेल तर पाण्याचे फवारे चालू राहतात. मग जमिनीवरून वीज, थंड हवा आणि वायूंचे पुरवठे पुन्हा रॉकेटला जोडलेले आहेत ना हे बघतात, कारण आतल्या बॅटऱ्या थोड्याच वेळापुरत्या असतात.

त्यानंतर इंधनाचा प्रश्न. उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन आणि उणे २५३ अंशांचा हायड्रोजन सतत उकळत असतात, ते परत काढून घ्यावे लागतात आणि टाक्या निष्क्रिय वायूने धुऊन काढतात. इस्रोच्या विकास या द्रव इंजिनाचं यूएच२५ इंधन आणि त्याचं ऑक्सिडायझर नायट्रोजन टेट्रॉक्साइड साध्या तापमानाला टिकतं, म्हणून लगेच काढायची घाई नसते. पण दोन्ही विषारी आहेत आणि एकमेकांना भेटताच आपोआप पेटतात. गळती असेल तर श्वसनयंत्रासह अंगभर सूट घातलेलेच लोक जवळ जातात. तपकिरी-तांबूस धूर दिसला तर तो नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा.

मग लगेच माणूस पाठवून बघत का नाहीत? पडद्यावर तर सगळं शांत दिसतं.

हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसतच नाही. २६ जून १९८४ च्या शटल अबॉर्टनंतर पॅडवर अशी आग लागली होती. अंतराळवीरांना बाहेर पळू न देता आतच बसवून ठेवलं आणि पाण्याचा मारा केला. घाईने दार उघडून पळाले असते तर न दिसणाऱ्या आगीतून जावं लागलं असतं.

टीव्ही-डी१ त्याच सकाळी उडालं, काहींना महिने लागतात. असं का?

टीव्ही-डी१ ला इंजिन पेटलंच नव्हतं. देखरेखीच्या यंत्रणेतली विसंगती ओळखली, ती दूर केली, वायू पुन्हा भरले आणि सकाळी १० वाजता उड्डाण झालं. शिवाय ते एकाच विकास इंजिनाचं छोटं रॉकेट होतं, त्यात अतिशीत (क्रायोजेनिक) इंधन नव्हतं.

इंजिन एकदा पेटलं की गोष्ट बदलते. ते तपासावं लागतं, अनेकदा बदलावं लागतं. ऑगस्ट १९९४ च्या शटलला जोडणीगृहात परत नेऊन इंजिनं बदलली आणि ते ३० सप्टेंबरला गेलं. धातू बदलायची वेळ आली तर जीएसएलव्ही-डी५ सारखे साडेचार महिने जातात.

दोष दहा मिनिटांत सुटला तरी त्याच दिवशी का सोडत नाहीत?

विंडोमुळे, म्हणजे उड्डाणासाठी मिळणाऱ्या ठरावीक वेळेमुळे. चंद्राकडे किंवा अंतराळ स्थानकाकडे जायचं तर पृथ्वी फिरता फिरता प्रक्षेपण तळ ठरावीक कक्षेच्या प्रतलाखाली यावा लागतो. चांद्रयान-२ ची १५ जुलै २०१९ ची वेळ पहाटे २.५१ ची होती, विंडो दहा मिनिटांची. ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना घड्याळ थांबलं आणि अतिशीत इंधन भरलेलं रॉकेट रिकामं करावं लागलं. पुढचं उड्डाण २२ जुलैला दुपारी २.४३ ला. तारीख आठवडाभर पुढे गेली तरी कक्षा वाढवण्याचं वेळापत्रक बदलून चंद्रावर उतरण्याची तारीख जवळपास तीच ठेवली होती.

उलट, कधी मिनिटा-दोन मिनिटांनी वेळ सरकते तेव्हा बिघाड नसतोच. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० रात्री ९.५८ ऐवजी १० वाजता सोडलं, ते दुसऱ्या उपग्रहांच्या वाटेत येऊ नये म्हणून.

पावसात रॉकेट उडत नाही का?

मुंबईच्या पावसाची सवय असलेल्यांना हा प्रश्न हमखास पडतो. नुसत्या पावसाचं फारसं नाही, भीती विजेची आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांची. रॉकेट आणि त्यामागचा तापलेला वायू मिळून ढगातून जमिनीपर्यंत विजेला लांबलचक वाहक मिळतो. १४ नोव्हेंबर १९६९ ला अपोलो-१२ वर उड्डाणानंतर ३६ सेकंदांनी वीज पडली होती, तीही त्या भागात आधी विजांचा कडकडाट नसताना.

उपग्रहाचं काय होतं?

बहुतेक वेळा काहीच नाही. तो जमिनीवरच्या विजेवर चार्ज होत, गाळलेल्या थंड हवेत बसून राहतो. कधी कारण उपग्रहच असतो: ४ डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी५९ थांबलं ते प्रोबा-३ च्या प्रणोदन यंत्रणेत विसंगती दिसल्याने, आणि दुसऱ्या दिवशी गेलं. विम्याच्या करारात मात्र पेटून विझलेल्या प्रज्वलनासाठी वेगळं कलम असतं. विमा कुठल्या क्षणी लागू होतो यावर तिथे बराच काथ्याकूट चालतो.

शुभांशु शुक्ला यांचं उड्डाण इतक्यांदा पुढे गेलं, ते यातलंच का?

काही अंशी. अ‍ॅक्सिऑम-४ च्या फाल्कन-९ मध्ये द्रव ऑक्सिजनची गळती आढळली, म्हणून ११ जून २०२५ ची तारीख सोडून दिली. ते शेवटच्या क्षणीचं थांबणं नव्हतं, इंजिनांच्या चाचणीनंतरच्या तपासणीत दिसलेलं होतं. उड्डाण २५ जूनला झालं.

श्रीहरिकोट्याचं रॉकेट मुंबईतून, निदान एखाद्या टॉवरच्या गच्चीवरून दिसेल का?

नाही. अंतर सुमारे हजार किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे तेवढ्या लांबची वस्तू क्षितिजावर यायलाच ती जवळपास ७८ किलोमीटर उंच असावी लागते, आणि तोवर रॉकेट बंगालच्या उपसागरावर आणखी लांब गेलेलं असतं. जे काही डोकावेल ते क्षितिजालगतच्या धुरक्यात हरवतं.

मुंबईहून बघायला जायचं आहे. ऐन वेळी रद्द झालं तर काय करायचं?

ही शक्यता धरूनच निघा. श्रीहरिकोट्याचं जवळचं रेल्वे स्टेशन सुळ्ळूरपेटा, चेन्नई–गुडूर मार्गावर, चेन्नईपासून ८०-८५ किलोमीटरवर. मुंबईहून चेन्नईपर्यंत जवळपास अख्खा दिवस, पुढे चेन्नईहून उपनगरी गाडीने सुळ्ळूरपेटा, तिथून पुलिकत सरोवरातून जाणाऱ्या रस्त्याने बेट. प्रेक्षक गॅलरीची ऑनलाइन नोंदणी विनामूल्य असते, पण ती उघडताच भराभर भरते. नोंदणीत दिलेलं ओळखपत्रच सोबत न्या.

परतीचं तिकीट प्रक्षेपणाच्या रात्रीचं काढू नका, किमान दोन दिवस हाताशी ठेवा. तात्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून परतीसाठी साधं आरक्षण बरं. विमानांसाठी निघणाऱ्या नोटॅम नावाच्या सूचनेमध्ये मुख्य दिवसापुढचे राखीव दिवसही दिलेले असतात. ते पाहून रजा टाकली तर निम्मी धाकधूक कमी होते. आणि अतिशीत टप्प्याचं रॉकेट इंधन भरल्यावर रद्द झालं तर दुसऱ्याच दिवशी उडेल या आशेवर लॉज वाढवू नका. नवी तारीख जाहीर होईपर्यंत चेन्नईत राहणं स्वस्त पडतं.

या सगळ्यात मुंबईचा काही हात आहे का?

आहे. विकास इंजिनं आणि अतिशीत इंजिनांचे भाग विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात. एलव्हीएम३ च्या एस२०० मोटरच्या कवचाचे काही भाग पवईच्या एल अँड टीने बनवले आहेत.

शाळेच्या प्रदर्शनात पाण्याचं रॉकेट सुटलंच नाही तर काय करायचं?

हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण डोळ्याला इजा होते ती इथेच. दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीत एक तृतीयांश, म्हणजे साधारण ६५० मिलि पाणी, आणि दाब मोजपट्टी असलेल्या सायकल पंपाने जास्तीत जास्त ४ बार. दोरी ओढली आणि बाटली सुटली नाही, तर कारण बहुधा फुगलेलं किंवा कोरडं पडलेलं ओ-रिंग (बाटलीच्या तोंडाशी हवा अडवणारं रबरी कडं), नाहीतर तिरकी बसलेली बाटली. कुणीतरी धावत जाऊन बाटली हलवतो, आणि ती नेमकी तेव्हाच सुटते.

पंप काढला की दाब जाईल असं समजू नका. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा परत सोडत नाही; बाटली तशीच भरलेली राहते. म्हणून पंपाजवळच्या नळीत टी-जोड बसवून त्याला एक छोटा कॉक लावा, आणि एकदिशा व्हॉल्व्ह असलाच तर तो पंप आणि टी-जोड यांच्यामध्ये असू द्या, बाटलीच्या बाजूला नको. नळी किमान पाच मीटर लांब हवी. सुटलं नाही तर सगळ्यांना मागेच ठेवून कॉक उघडा, मोजपट्टी शून्यावर येऊ द्या, मग गॉगल लावून एकानेच जवळ जायचं, तेही बाटलीच्या तोंडासमोरून किंवा टोकावरून न वाकता.

बारूदाची मोटर असलेलं मॉडेल रॉकेट असेल तर आधी बॅटरीची जोडणी काढा आणि पूर्ण ६० सेकंद थांबा. हौशी रॉकेटवाल्यांचा जगभर हाच नियम आहे. मुंबईत मात्र अशी रॉकेटं मैदानात उडवण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारा. ड्रोन आणि हवेत उडणाऱ्या तत्सम वस्तूंवर पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात, आणि विमानतळाच्या परिसरात तर हा विषयच काढू नका.